वर्गात प्राणी आणायचाय? आधी सुट्टीचं बोला

वर्गात ससा ठेवू या, मासे ठेवू या, असा विषय निघाला की गाडी लगेच 'मुलांना काय आवडेल' यावर जाते. माझ्या मते पहिला प्रश्न तो नाहीच. शनिवार-रविवारी आणि मोठ्या सुट्टीत या जिवाला खायला कोण घालणार? आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेणार? 'सगळे मिळून बघू' हे उत्तर धरायचं नाही. एका मोठ्या माणसाचं नाव कागदावर हवं, आणि ते रजेवर असतील तेव्हासाठी दुसरं. ही दोन नावं मिळत नसतील तर प्राणी आणूच नका.

हॅमस्टर निशाचर असतो. शाळा भरते ती त्याची झोपेची वेळ. झोपेतून दचकून उठवलं की तो चावतो, त्यात त्याचा काय दोष? ससा दिसायला गरीब, पण उचललेलं त्याला आवडत नाही. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, असा आधार नसेल तर तो जोरात पाय झाडतो, आणि त्या झटक्यात त्याचाच कणा मोडू शकतो. म्हणून मुलांनी जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि ससा आपणहून जवळ आला तरच हात फिरवायचा.

कासवाला तर माझा ठाम विरोध आहे. कासवं, सरडे, बेडूक, कोंबडीची पिल्लं यांच्या आतड्यात माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि तरीही प्राणी ठणठणीत दिसतो. लहान मुलं छोटी कासवं सरळ तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात यातलं काहीही नको. इतर कुठलाही प्राणी हाताळल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवायचे. टाकीचं पाणी मुलं डबे धुतात त्या बेसिनमध्ये कधीही ओतू नका.

कुणी कुत्रा भेटीला आणणार असेल तर आठवडाभर आधी पालकांना चिठ्ठी द्या: ॲलर्जी, दमा, भीती. लसीकरणाचा दाखला आधी बघा. पट्टा मालकाच्याच हातात, एका वेळी पाच-सहा मुलं, फार तर 20 मिनिटं. कुत्रा तोंड फिरवायला, ओठ चाटायला, पुन्हापुन्हा जांभया द्यायला लागला की त्याला पुरे झालंय, लगेच थांबा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मासे सोपे वाटतात, आणि तिथेच घात होतो. टाकी आणली, त्याच दिवशी मासे सोडले, की पंधरवड्यात एकेक मासा मरतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून माशांना घातक अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाणी भरून, मासे न सोडता फिल्टर चालू ठेवायचा आणि जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की दोन-तीनच मासे सोडा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवीन पाण्यातलं क्लोरीन औषध घालून काढूनच. स्पंज नळाखाली धुतलात तर जिवाणू मेले आणि सगळं पहिल्यापासून. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. शुक्रवारी 'दोन दिवस उपाशी राहतील' म्हणून जास्त खाद्य टाकू नका. धडधाकट मोठे मासे दोन दिवस सहज काढतात. मारतं ते कुजलेलं खाद्य.

माझी पहिली पसंती मात्र लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीला. हवा उबदार असेल तर अळीचे दोन-तीन आठवडे, कोषाचा आठवडा-दीड आठवडा, आणि सुट्टी लागायच्या आत काम पूर्ण. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते. पानं औषध न फवारलेल्या झाडाचीच हवीत, फवारलेल्या पानाने अळ्या मरतात. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवलीत तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी खाली उतरून बुडते. तळाला कागद घालून रोज बदला, ओल्या विष्ठेवर बुरशी धरते. भांडं गुळगुळीत काचेचं असेल तर आत जाळी किंवा खरखरीत काडी उभी लावा. कोषातून निघालेलं फुलपाखरू वर चढून लोंबकळलं तरच पंखांत द्रव उतरतो आणि ते उलगडतात. काचेवरून घसरून तळाशी पडलं तर पंख चुरगळलेलेच वाळतात, आणि मग ते कधीच उडत नाही. पंख वाळायला तास-दोन तास द्या, तोवर कुणी हात लावायचा नाही. बाहेर पाऊस असेल तर सोडायचं काम दुसऱ्या दिवशी.