हळदीचे पाणी आणि उलटा वाचलेला शोध

‘बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की हळद हिस्टोनचे अ‍ॅसिटिलेशन वाढवून बंद पडलेली कर्करोगरोधक जनुके सुरू करते, अमेरिकेचे औषधही याच तत्त्वावर आहे, म्हणून रोज हळदीचे पाणी घ्या, केमो टाळा.’ प्रतापनगरपासून इतवारीपर्यंत नागपुरातल्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मजकूर फिरतो आहे.

शोध खरा आहे, पण तो उलटा वाचला गेला आहे. हिस्टोन या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो. त्यांच्यातल्या लायसिन या अमिनो आम्लावर अ‍ॅसिटिल गट हा छोटा रासायनिक तुकडा बसला (हेच अ‍ॅसिटिलेशन) की तिथला धनभार नाहीसा होतो, पकड सैल होते आणि जनुक वाचले जाऊ शकते, हे सूत्र जीवरसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच मांडले होते. बंगळुरूचे शास्त्रज्ञ तपस कुंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले ते असे, की हळदीतले करक्युमिन हा गट बसवणाऱ्या पी३०० या एन्झाइमलाच अडवते. म्हणजे ज्या शोधाचा दाखला दिला जातो, त्यात अ‍ॅसिटिलेशन वाढत नाही, घटते. शिवाय ते प्रयोग प्रथिनांवर आणि पेशींवर झाले होते. त्यांत रुग्ण एकही नव्हता.

अमेरिकेचे औषध म्हणजे २००६ मध्ये मान्यता मिळालेले व्होरिनोस्टॅट. ते अ‍ॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या एन्झाइमला रोखते, म्हणजे नेमके विरुद्ध टोक धरते. आणि तेही त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमात (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगात), इतर औषधे पुरी न पडल्यावर दिले जाते. त्याचा हळदीशी संबंध नाही.

राहिला तो पेला. आमच्या शेजारच्या काकू वायगावची उत्तम हळद कोमट पाण्यात ढवळतात आणि दहा मिनिटांत ती तळाशी पिवळा गाळ होऊन बसते, कारण करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पी३०० निम्मे रोखायला सुमारे २५ मायक्रोमोलर (द्रावणातल्या तीव्रतेचे एकक) करक्युमिन लागते. माणसांना रोज ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन देऊनही रक्तातली कमाल पातळी सरासरी दोन मायक्रोमोलरच्याही आत राहिली. हळदीत ते साधारण तीन टक्के असते, म्हणजे तेवढ्यासाठीसुद्धा रोज पाव किलोहून अधिक हळद पोटात जायला हवी. (भाजीतली चिमूट बिचारी निर्दोष आहे.)

केमो टाळण्याच्या सल्ल्याला या शोधात एका ओळीचाही आधार नाही. उलट, उंदरांवरच्या एका प्रयोगात आहारातल्या करक्युमिनमुळे सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा परिणाम कमी झालेला दिसला होता. काकूंनी आपल्या पेल्याविषयी डॉक्टरांना अजून सांगितलेले नाही.