इयान होम : रंगभूमी सुटली तेव्हा

नटाची खरी पारख नाटकातच होते, सिनेमात कोणीही निभावून नेतो, असे आपल्याकडची नाटकवेडी मंडळी ठासून सांगतात आणि मीही बराच काळ तेच म्हणत आलो. ब्रिटिश नट इयान होम (इंग्रजी आडनावात ‘ल’ आहे, पण तो उच्चारत नाहीत) यांची कारकीर्द नीट पाहिल्यावर मात्र ते म्हणणे मला सोडून द्यावे लागले.

१९५४ साली शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, हातात भाला घेऊन उभे राहणारा हा नट साठच्या दशकात रॉयल शेक्सपिअर कंपनीचा तिसरा रिचर्ड आणि पाचवा हेन्री झाला, आणि हॅरॉल्ड पिंटरच्या ‘द होमकमिंग’ या नाटकातील लेनीच्या भूमिकेसाठी त्याला १९६७ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये मात्र यूजीन ओनीलच्या ‘द आइसमन कमेथ’ या नाटकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांतच त्याला रंगमंचाच्या भीतीने असे गाठले की भूमिका अर्ध्यावर सोडावी लागली, आणि एखादा अपवाद वगळता तो १९९३ पर्यंत नाटकापासून दूरच राहिला.

या वर्षांना पडता काळ म्हणणे मला पटत नाही. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) या सिनेमातील धावपटूंचा प्रशिक्षक मुसाबिनी आठवून पाहावा. व्यावसायिक असल्यामुळे त्याला ऑलिम्पिकच्या स्टेडियममध्ये जागा नाही. हॉटेलच्या खोलीच्या खिडकीतून ब्रिटनचा झेंडा चढताना दिसतो, तेव्हा त्याला आपला शिष्य जिंकल्याचे कळते आणि तो आपल्या गवती टोपीतून आरपार ठोसा मारतो. समोर प्रेक्षक नाहीत, संवाद जवळजवळ नाही. एकट्या माणसाचा एवढा आनंद मी क्वचितच पाहिला आहे. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमांतील बिल्बो म्हणून त्यांना जगभर ओळख मिळाली, पण माझ्या लेखी मोठे काम हेच.

१९९७ मध्ये, वयाच्या पासष्टीत, ते नॅशनल थिएटरच्या सुमारे तीनशे आसनांच्या कॉट्सलो नाट्यगृहात रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली शेक्सपिअरचा राजा लिअर म्हणून उभे राहिले आणि लंडनच्या रंगभूमीवरील ऑलिव्हिए पुरस्काराचे मानकरी ठरले. मी त्या नाटकाचे दूरचित्रवाणीसाठी केलेले रूप पाहिले आहे. हा लिअर भव्य सम्राट नाही. घरच्यांवर खेकसणारा, बुटका, तापट बाप आहे, आणि त्याचा चेहरा हातभर अंतरावरून पाहतानाही खोटा वाटत नाही. हे जवळूनही खरे वाटणे त्यांनी कॅमेऱ्यासमोरच्या वर्षांतच कमावले असावे, असे मला वाटते. वादळाच्या प्रवेशात तर ते पूर्ण विवस्त्र होतात. ज्याला एकेकाळी कपड्यांनिशीही रंगमंचावर उभे राहवले नव्हते, तोच हा नट.