भ्रमनिरासावर घरगुती इलाज

निवडणूक होऊन सहाएक महिने झाले की हा आजार डोकं वर काढतो. लक्षणं ओळखायला सोपी आहेत. सकाळी पेपर उघडला की घशाशी आंबट येतं. बातम्या लागल्या की हात आपोआप रिमोटकडे जातो. 'सगळे साले सारखेच' हे वाक्य दिवसातून तीनदा, जेवणानंतर, तोंडातून निघतं. लग्नाच्या पंगतीत एखादा नातेवाईक "अहो, पण घटनेच्या दहाव्या परिशिष्टात असं लिहिलंय" म्हणताना दिसला, तर आजार फार पुढे गेलाय असं समजा आणि त्याच्या पानात जिलबी वाढायला सांगा.

मी स्वतः जुना रोगी. मतदानाचं वय 21 वरून 18 झालं, त्या 1989 च्या निवडणुकीत मी पहिलं मत दिलं. बोटावरची शाई जाऊ नये म्हणून दोन दिवस घरात एका भांड्याला हात लावला नाही. लोकशाहीकडून मला झालेला प्रत्यक्ष लाभ तेवढाच. तेव्हापासून जे इलाज करून पाहिले, त्यातले गुणकारी तेवढे इथे देतो. वैद्याची फी नाही.

पहिलं पथ्य स्मरणशक्तीचं. बदाम आजपासून बंद. ज्याला आठवतं त्याला त्रास होतो, हे मी अनुभवावरून सांगतो. 22 नोव्हेंबर 2019 च्या रात्री महाराष्ट्र एका मुख्यमंत्र्याचं नाव ऐकून झोपला आणि सकाळी उठला तेव्हा शपथ भलत्यानेच घेतलेली होती. पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमाराला राजभवनात शपथविधी उरकला. आमच्याकडे दूधसुद्धा सव्वासहाला येतं. सरकारी यंत्रणा पहाटे पावणेसहाला कामावर असते हे मला त्या दिवशी कळलं. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला मी उगाच अकरा वाजता जात होतो. ते सरकार साधारण 80 तास टिकलं. लोणचंसुद्धा मुरायला त्याहून जास्त वेळ घेतं. मग 28 तारखेला शिवाजी पार्कवर, ज्यांनी हयातभर एकमेकांच्या नावाने बोटं मोडली ते एका मंचावर आले, आणि आपण टाळ्या वाजवल्या. दोन्ही वेळा वाजवल्या, हे आठवत असेल तर ते आधी विसरा.

त्यानंतरची, शिवसेनेतून फुटलेल्या शिंदे गटाच्या आमदारांची यात्राही विसरायचीच आहे. जून 2022. मुंबईहून सुरत, सुरतेहून गुवाहाटी, तिथून गोवा. आसामात त्या वेळी पूर आला होता, लोक छपरावर बसले होते. आपले लोकप्रतिनिधी तारांकित हॉटेलात बसून लोकशाही वाचवत होते. झाडी, डोंगर आणि हाटील यांची जी तारीफ फोनवर झाली ती घराघरात पाठ झाली. मला तर वाटतं, अलीकडच्या राजकारणातलं ते एकच वाक्य असेल जे बोलणाऱ्याने मनापासून उच्चारलं.

आता कायद्याचं काय, असं विचारू नका. विचारायचंच असेल तर आधी बसून घ्या. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे तेच दहावं परिशिष्ट, 1985 चा. सुरुवातीला पक्षाचे एकतृतीयांश आमदार फुटले तर चालायचं. 2003 मध्ये ती सवलत काढून टाकली आणि दोनतृतीयांश लोक दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच माफी, एवढीच वाट उरली. म्हणजे सुटी विडी विकायला बंदी, बंडल चालेल. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकलं, शिंदे गटाचा प्रतोद नेमला तेही बेकायदा. पण मुख्यमंत्री ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, तेव्हा जुनं सरकार परत आणता येत नाही. एसटीच्या कंडक्टरने मला एकदा हेच ऐकवलं होतं. गाडी चुकीच्या फाट्यावर वळली हे खरं, पण तुम्ही रागारागाने खाली उतरलात ना, आता तिकिटाचे पैसे मिळायचे नाहीत.

आमदारांच्या अपात्रतेचं मग विधानसभा अध्यक्षांकडे गेलं. 10 जानेवारी 2024 ला निकाल लागला: शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. सरकार पडलं, पक्ष फुटला, नाव गेलं, धनुष्यबाण गेला, आणि पक्षांतर मात्र कुणीच केलं नाही. चोरी झालेल्या घरात सगळ्या वस्तू जागच्या जागी सापडाव्यात, तसं. हा निकाल ऐकल्यावर माझ्या एका वकील मित्राने वकिली सोडून पोळीभाजी केंद्र काढायचं मनावर घेतलं होतं. बायकोने समजावलं.

ज्यांना बदाम सोडवत नाहीत, त्यांच्यासाठी एक तारखांची जोडी देतो. 27 जून 2023 ला भोपाळात पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवरच्या सुमारे 70 हजार कोटींच्या घोटाळ्यांच्या आरोपांचा उल्लेख केला. 2 जुलैला त्याच पक्षाचा गट राज्यात सत्तेत जाऊन बसला. मधे पाच दिवस. आमच्या चौकातल्या लाँड्रीत सदरा टाकला तर आठ लागतात, आणि डाग तसाच येतो.

दुसरं पथ्य गणिताचं. मोठे आकडे वाचू नयेत. वाचलेच तर त्यातले 'कोटी' वगळून वाचावेत, पचनाला हलकं जातं. निवडणूक रोख्यांचंच घ्या. आमच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की हे निवडणुका रोखायचं काहीतरी साधन आहे, आणि ती त्यावर खूश होती. प्रत्यक्षात जानेवारी 2018 पासून ती देणगी द्यायची रीत झाली होती. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा आणि आवडत्या पक्षाला द्यायचा. कुणी कुणाला दिला ते तुम्हा-आम्हाला कळायचं नाही. हजार रुपयांचाही रोखा होता, गरीबाची सोय म्हणून. पण रकमेच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांहून जास्त रोखे निघाले ते कोटी-कोटीचे. रोख्यावर एक नंबर होता, तो साध्या डोळ्यांना दिसायचा नाही, अतिनील दिव्याखाली दिसायचा. चोरून प्रेमपत्र लिहिणाऱ्या पोरांना हे सुचलं असतं तर कितीतरी मार वाचला असता.

पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. ती अटही काढली. म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही हात मोकळा. घरात चूल पेटत नसली तरी गावभंडारा घालता येतो. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवली. तपशील द्यायला बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक आटोपेपर्यंत. न्यायालय म्हणालं, उद्या द्या. दुसऱ्या दिवशी दिले. (माझं पासबुक मात्र प्रिंटर बिघडल्यामुळे तीन आठवडे अडकलं होतं, त्यासाठी खंडपीठ बसवणं मला परवडलं नाही.) यादी उघडली तर देशातला सगळ्यात मोठा दानशूर एक लॉटरीवाली कंपनी निघाली, तेराशे कोटींहून जास्त. मला यात गैर काही दिसलं नाही. दर पाच वर्षांनी आपणही तिकीट घेतोच, आणि नंबर दुसऱ्याचाच लागतो.

कर्जाच्या बातम्या वाचायच्या असतील तर डोक्याला तेल लावून वाचा. या खात्यात 'हेअरकट' हा शब्द फार चालतो. मोठी कंपनी बुडाली की बँका म्हणतात, जेवढं हाताला लागतं तेवढं घेऊ, उरलेल्याचा हेअरकट. व्हिडिओकॉनच्या प्रकरणात 2021 मध्ये सुमारे 64 हजार 800 कोटींचे दावे मान्य झाले होते आणि समोरून देऊ केलेली रक्कम होती 2,962 कोटी. शंभरातले पाच रुपयेही नाहीत. मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने निकालपत्रातच विचारलं की हा हेअरकट आहे की मुंडण? पुढे अपिलात तो आराखडा रद्द झाला, पण शब्द अचूक सापडला होता. कारण आमच्या गावाकडे पीककर्जाला गेलेल्या माणसाला आधी पंचक्रोशीतल्या प्रत्येक बँकेचा नो ड्यूज आणावा लागतो, वर सिबिल तपासतात. त्याची जी होते तिला हेअरकट म्हणत नाहीत. तिला मराठीत जुना शब्द आहे, आणि त्यात पाणीही वापरत नाहीत.

बहिणींविषयी थोडक्यात. 2024 च्या निवडणुकीआधी लाडकी होण्यासाठी एक फॉर्म पुरत होता, महिना 1,500 सुरू झाले आणि 2,100 चं वचन मिळालं. निवडणूक झाल्यावर पडताळणी आली आणि लाखो बहिणी गळाल्या. या राज्यात आमदार अपात्र ठरत नाहीत. बहिणी ठरतात.

तिसरं पथ्य अपेक्षांचं, ते मला मार्च 2022 नंतर साधलं. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत संपली, आमच्याही पालिकेची संपली, प्रशासक आले आणि 2025 सरलं तरी तेच होते. पहिल्या महिन्यात मी फार कळवळलो. लोकशाहीचा पाया! जनतेचा आवाज! मग लक्षात आलं की आमच्या गल्लीतलं चेंबर नगरसेवक असताना जूनच्या दहा तारखेला तुंबायचं आणि प्रशासक आल्यावरही दहालाच तुंबतंय. फरक एवढाच की पूर्वी तुंबलेल्या चेंबरशेजारी वाढदिवसाचा फ्लेक्स असायचा. नंतर तिथे 'भावी नगरसेवक' असा होता. फोटो तोच.

काही जण विचारतात, मग मतदान यंत्रावरचं 'नोटा', म्हणजे 'यापैकी कुणीही नाही', दाबू का? दाबा. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला होता, 27 हजारांहून जास्त मतं. विधानसभेत मात्र पहिल्या क्रमांकाचाच माणूस बसतो, आणि नोटा पहिला आला असता तरी दुसऱ्या क्रमांकाचा बसला असता. पण मनाला बरं वाटतं. लिंबूपाण्यासारखं.

एवढं करूनही गुण आला नाही, तर शेवटचा उपाय मतदानाच्या आदल्या रात्री दारावर येतो. त्याला आपल्याकडे लक्ष्मीदर्शन म्हणतात. गेल्या खेपेला साडेदहाला बेल वाजली. पोरगा शेजारच्या इमारतीतला, लहानपणी आमच्याच अंगणात क्रिकेट खेळलेला. हातात मतदारयादी, पाठीला सॅक.

"काका, घरात किती मतं?"

"तीन."

त्याने यादीवर बोट फिरवलं. "चार दिसतायत."

"आई. ती जाऊन चार वर्षं झाली."

तो जरा ओशाळला. चप्पल काढून आत आला, फोटोला नमस्कार केला. म्हणाला, "आजी फार चांगल्या होत्या. आणि काका, नाव कमी करायच्या भानगडीत पडू नका, नुसते खेटे घालायला लावतात."

मग सॅक उघडून त्याने टीपॉयवर पाकिटं मोजून ठेवली. चार.

तीन घरखर्चात गेली. चौथं अजून आईच्या फोटोमागे आहे.