रात्री घड्याळं का सरकली: तुमच्या एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू मी आणि आमच्या टीमने दोनदा वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: आम्ही तुमच्या सर्व्हरची घड्याळं जुळवून दिली, दिवसा ती नीट चालतात, पण रात्री मुख्य ऑफिसमधला सर्व्हर ४० मिलिसेकंदांच्या आसपास पुढे पळतो. दोनदा फोन करूनही आमच्या इंजिनिअरने 'नेटवर्क तुमचं आहे' एवढंच सांगितलं.

त्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो. नेटवर्क तुमचं असलं तरी त्यावर घड्याळं जुळवायचं काम आम्ही अंगावर घेतलं होतं. मुळात चूक आमच्याकडूनच झाली. आम्ही मोजणी केली ती दुपारी, लाइन मोकळी असताना. तुमचा बॅकअप रात्री चालतो हे आम्ही विचारलंच नाही.

तुम्ही लॉगचा जो तुकडा टाकलात, त्यातच सगळं दिसतं. मुख्य ऑफिसमधला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतो, विनंती ०१:१०:२२.४१८ ला पाठवली. दुसऱ्या ऑफिसमधला डेटाबेस म्हणतो, ती मला ०१:१०:२२.३८२ ला मिळाली. म्हणजे निघण्याआधी ३६ मिलिसेकंद पोचली! असा लॉग हातात आल्यावर तुमचा संताप झाला, तो योग्यच आहे. व्यवहार कोणता आधी आणि कोणता नंतर, हे ठरवायलाच तर तुम्ही घड्याळं जुळवून घेतली होती.

हे कसं झालं ते सांगतो. एनटीपीमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपला सर्व्हर वेळेच्या सर्व्हरला एक छोटं पॅकेट पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत चार क्षणांच्या वेळा नोंदल्या जातात: इथून निघाल्याची, तिथे पोचल्याची, तिथून निघाल्याची आणि इथे परत आल्याची. त्यावरून घड्याळातला फरक काढताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. बॅकअप सुरू झाला की तुमची अपलोडची बाजू भरून जाते आणि राउटरमध्ये रांग लागते. येणारी बाजू मात्र मोकळीच असते. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार रात्री एकूण फेरीला ९६ मिलिसेकंद लागत होते, दिवसा १२. जायला ९० आणि यायला ६ धरले, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ४२ मिलिसेकंद, घड्याळ चुकीचं पुढे ढकललं जातं. तुम्हाला दिसलेला आकडा हाच. दुसऱ्या ऑफिसची लाइन वेगळी, म्हणून तो सर्व्हर जागेवर राहिला.

आता तुम्ही स्वतः केलेल्या दोन बदलांबद्दल. इथे मला तुमच्याशी असहमत व्हावं लागतंय.

पहिला म्हणजे विचारणा दर १६ सेकंदांनी करणं. कितीही वेळा विचारलं तरी पॅकेट त्याच रांगेत उभं राहणार. उलट नुकसान होतं. एनटीपी शेवटची ८ उत्तरं जवळ ठेवतो आणि त्यातलं सर्वात कमी वेळात आलेलं उत्तर जास्त विश्वासाचं मानतो. १०२४ सेकंदांच्या अंतराने ही आठ उत्तरं सव्वादोन तासांवर पसरलेली असतात, त्यामुळे बॅकअपच्या आधीचं एखादं चांगलं उत्तर बराच वेळ हाताशी असतं. १६ सेकंदांवर आठही उत्तरं दोन मिनिटांतली, म्हणजे सगळी रांगेतलीच. शिवाय सार्वजनिक सर्व्हरना इतकं वरचेवर विचारू नये, ते उत्तर देणंच थांबवू शकतात.

दुसरा बदल, दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) घड्याळ जबरदस्तीने सेट करणं. हा कृपया आजच काढा. त्यात घड्याळ मागे उडी मारतं आणि तीच वेळ लॉगमध्ये दोनदा येते. एनटीपी लहान फरक उडी न मारता, सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद सरकवत भरून काढतो. ४२ मिलिसेकंदांना दीड मिनिटाच्या आसपास किंवा जास्त लागेल, पण वेळ उलटी जाणार नाही.

पीटीपी (घड्याळं जुळवायची, एनटीपीपेक्षा जास्त अचूक पद्धत) का दिलं नाही, असंही तुम्ही विचारलंय. पीटीपीची खरी अचूकता मिळते ती नेटवर्क कार्ड पॅकेटवर स्वतः वेळेचा शिक्का मारतं आणि मधले स्विच आपल्यातली दिरंगाई मोजतात तेव्हा. तुमचे स्विच ते करत नाहीत. भरलेल्या लाइनवर पीटीपीसुद्धा असाच फसला असता.

आमच्या कोटेशनमधलं 'एका मिलिसेकंदाच्या आत' हे वाक्य मात्र चुकीचं होतं. ते ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर शक्य आहे. इंटरनेटवरून, तेही भरलेल्या लाइनवर, असा शब्द द्यायला नको होता. ते वाक्य आम्ही कोटेशनमधून काढलंय.

आमचा प्रस्ताव असा. दोन्ही ऑफिसच्या गच्चीवर, उपग्रहांकडून वेळ घेणारा जीपीएस अँटेना बसवून प्रत्येक ठिकाणी वेळेचा एकेक सर्व्हर ठेवू, म्हणजे वेळ त्या लाइनवरून यायचीच नाही. रिसीव्हरचा खर्च तुमचा, बसवणं आणि जोडणी आमच्याकडून विनामूल्य. तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील: राउटरवर यूडीपी १२३ पोर्टच्या, म्हणजे एनटीपीच्या, पॅकेटना रांगेत पुढे काढणं, आणि सर्व्हरवर क्रोनी हा एनटीपीचाच प्रोग्रॅम बसवून, नेहमीच्या किमान वेळेपेक्षा दुपटीहून जास्त वेळ घेणारी उत्तरं टाकून द्यायला सांगणं. रात्रीच्या ९६ मिलिसेकंदांच्या फेऱ्या त्यात आपोआप गळतील. तेवढा वेळ घड्याळ आपल्याच, आधी मोजलेल्या गतीवर चालेल. बॅकअपच्या काही तासांत ते थोडं सरकेल, पण ४२ मिलिसेकंद नाही.

या वेळी मोजणी रात्रीच होईल, बॅकअप सुरू व्हायच्या अर्ध्या तास आधीपासून तो संपेपर्यंत, आणि मी स्वतः तिथे असेन. कोणती रात्र सोयीची ते कळवा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड असलेली व्यक्ती त्या वेळी फोनवर मिळाली तर बरं होईल.