चकलीची पावती
186 पौंड 40 पेन्स. माझ्या स्वतःच्या खात्यातून गेलेले. ऑक्टोबरमध्ये. आता फेब्रुवारी संपत आला तरी परत मिळालेले नाहीत. रुपयांत करू नका, मी केले आणि रात्रभर झोप लागली नाही. इंग्लंडातल्या 2025-26च्या किमान वेतनाने, म्हणजे तासाला 12 पौंड 21 पेन्सने, मोजलं तर एका कॅफेच्या मोरीत 15 तासांहून जास्त भांडी घासल्याचे ते पैसे आहेत. आणि स्टुडंट व्हिसावर सत्रात आठवड्याला 20 तासच काम करता येतं, तेव्हा बसा हिशोब करत.

तर मी आमच्या विद्यापीठातल्या मराठी सोसायटीची, म्हणजे मराठी विद्यार्थ्यांच्या मंडळाची, खजिनदार. (कोणी उभंच राहिलं नाही म्हणून बिनविरोध. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.) 64 जणांनी प्रत्येकी 5 पौंड वर्गणी भरली, 320 पौंड जमले. दिवाळी केली. पणत्या, रांगोळी, कागदी ताटल्या मिळून 38 पौंड 40, आणि फराळ 148 पौंडांचा, गावातल्याच एका काकूंकडून. काकू घरी करतात, पण रीतसर. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी आहे, स्वच्छतेचे पाचपैकी पाच गुण आहेत, तो हिरवा स्टिकर दारावर लावलाय. चूक एकच. बिल हाताने लिहून दिलं.

बस. तिथेच गाडी अडली.

आपल्याकडे विद्यार्थी संघटना म्हटलं की झेंडा, घोषणा आणि मागे कुठलातरी पक्ष. इंग्लंडात स्टुडंट्स युनियन म्हणजे चॅरिटी, म्हणजे आपल्या भाषेत धर्मादाय संस्था. 2010 पासून तर वर्षाला 1 लाख पौंडांहून जास्त उत्पन्न असलेल्या युनियनला चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे चॅरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणीच करावी लागते. बार चालवतात, दुकान चालवतात, सल्ला केंद्र चालवतात, पगारी माणसं ठेवतात. आणि आमच्यासारख्या सोसायट्या या युनियनच्या पोटात. स्वतःचं बँक खातं उघडायची परवानगी नाही. आम्ही एकमेकांकडून गोळा केलेली वर्गणी युनियनच्या खात्यात जमा होते आणि आम्ही तिच्याकडे खिडकीतून बघतो. खर्च आधी स्वतःच्या खिशातून करायचा, मग बिलं जोडून युनियनकडे परत मागायचा. मी मागितला.

पहिलं उत्तर तीन आठवड्यांनी: छापील पावती हवी. काकूंच्या भाच्याने बिल टाइप करून दिलं. तेच आकडे, तेच 148 पौंड, फक्त पेनच्या शाईऐवजी प्रिंटरचा टोनर. मग उत्तर: पुरवठादाराचा व्हॅट क्रमांक नाही. अहो, इथे वर्षाची उलाढाल 90,000 पौंडांच्या पुढे गेली तरच व्हॅटची नोंदणी सक्तीची. चकल्या विकून 90,000 पौंड करायचे तर काकूंना सोऱ्या नाही, कारखाना लागेल! हे कळवलं. मग नाताळची सुट्टी लागली. मग उत्तर: पणत्यांचे पैसे सेक्रेटरीच्या कार्डावरून गेलेत, मागणी खजिनदाराची आहे, दोघांची बँक स्टेटमेंट जोडा. (सेक्रेटरीला मी त्याच दिवशी पैसे दिले होते. ते सिद्ध करायला तिसरं स्टेटमेंट.)

आणि प्रत्येक ईमेलच्या शेवटी एकच पालुपद: आम्ही चॅरिटी आहोत, कायदा पाळावा लागतो.

ठीक. मग मीही कायदा उघडला. चॅरिटीने पैशाच्या नोंदी नीट ठेवाव्यात, एवढं आहे. हस्ताक्षराचं वावडं मला कुठे दिसलं नाही. कायद्याला खरी काळजी आहे ती पैसा कशासाठी गेला याची. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ससेक्स विद्यापीठाच्या युनियनने शाळकरी मुलांचं फुकट दूध बंद करण्याविरुद्धच्या मोहिमेला पैसे द्यायचं ठरवलं, तर कोर्टाने अडवलं: हेतू चांगला असेल, पण हे तुमच्या चॅरिटीचं काम नव्हे. हा प्रश्न मला समजतो. टोनरचा समजत नाही.

1994च्या शिक्षण कायद्यात तर उलट आमच्या बाजूचं लिहिलंय. युनियनने वर्षातून एकदा तरी हिशोब प्रसिद्ध करायचा, तो सगळ्या विद्यार्थ्यांना बघायला मिळाला पाहिजे, आणि क्लबांना पैसे कसे वाटायचे ती पद्धत न्याय्य आणि लेखी असली पाहिजे. मी ती लेखी पद्धत मागितली. एक लिंक आली. लिंक उघडत नाही.

मग कमिशनच्या वेबसाइटवर गेले. तिथे अगदी छोट्या सोडल्या तर चॅरिटींचे हिशोब फुकट बघता येतात, आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत ते भरायचे असतात. आमच्या युनियनच्या नावापुढे काय लिहिलेलं? उशिरा मिळाले. उशिरा! मला 28 दिवसांत पावती भरली नाही तर पैसे बुडतील अशी तंबी देणाऱ्यांनी स्वतःचा ताळेबंद उशिरा भरला. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, दुसरं काय?

वाचत बसले मग. मोठी रक्कम विद्यापीठाच्या अनुदानाची, म्हणजे फिरून आमच्याच फीची. सर्वांत मोठा खर्च पगार. बार तोट्यात. पुढे जुन्या पेन्शन योजनेची तूट. देशभरातल्या युनियनांची सामाईक योजना होती, 2011मध्ये तिच्यात कर्मचाऱ्यांची नवी पेन्शन जमा होणं थांबलं, पण तुटीचा खड्डा भरणं चालूच आहे. त्यात आजच्या कोणाची चूक नाही, मान्य. पण विश्वस्त मंडळात बसतात निवडून आलेले पदाधिकारी, एकवीस-बावीस वर्षांचे, उन्हाळ्यात येतात आणि बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात जातात. खड्डा कोणाच्या लक्षात राहणार? आणि आमचे 320 पौंड कुठे, तर "क्लब आणि सोसायट्या" या एका ओळीत सगळ्यांबरोबर कालवलेले.

वार्षिक सभेलाही गेले होते. फुकट पिझ्झा ठेवला म्हणून कोरम भरला. अख्ख्या वर्षाचा हिशोब सहा मिनिटांत मंजूर, हात वर, पुढचा विषय. मी विचारायला उठले तर वेळ संपली होती. पिझ्झाची पावती मात्र छापील असणार, यात मला शंका नाही.

आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ आठवलं. चार टवाळ पोरं, एक पावतीपुस्तक, पण कोणी किती वर्गणी दिली आणि मांडववाल्याला किती गेले हे विसर्जनानंतर चौकातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं. जाता-येता कोणीही थांबून वाचायचं. भांडणं व्हायची, पण आकड्यांवरून व्हायची.

युनियनच्या काउंटरवरच्या मुलीवर चिडताही येत नाही. ती दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, तासावर काम करते, तिलाच सिस्टिम उघडत नाही. साहेब लोक फोन घेत नाहीत.

काल काकूंचा मेसेज आला: पाडव्याला श्रीखंड किती किलो करू? आणि आज सकाळी युनियनचा: फॉर्म बदललाय, जुन्या सगळ्या मागण्या रद्द, नव्याने भरा. भरायला घेतलाय. व्हॅट क्रमांकाचा रकाना लाल झालाय आणि पुढे सरकूच देत नाही.