जर्मन 'शेलफिश' म्हणजे तिसऱ्या (शिंपले) नव्हेत!
जर्मन 'शेलफिश' म्हणजे इंग्रजीतलं शेलफिश, अर्थात तिसऱ्या-कोळंबी, असं एका लेखात ठोकून दिलंय. नाही हो! हॅम्बुर्गला आल्या आल्या मीही याच समजुतीने ऑर्डर दिली, आणि ताटात आला मोहरीच्या सॉसमधला पांढरा मासा. हॅडॉक, कॉडचा भाऊबंद. काटा लावताच त्याचे पापुद्रे सुटे झाले. नावाचं मूळ नेमकं तिथेच आहे: मध्ययुगीन उत्तर जर्मन बोलीत 'शेले' म्हणजे साल, टरफल. मांस असं थराथरांनी सुटतं, म्हणून हे नाव.

इंग्रजी 'शेल' या 'शेले'ची सख्खी बहीण, हे मान्य. पण तिसऱ्या-कोळंबीला जर्मन 'शालेनटीअर' म्हणतात, म्हणजे कवचवाले प्राणी. त्यात 'फिश' नाहीच, आणि मला तरी तेच पटतं.