सामान उतरवलं की बरी होणारी बाइक

पाच फ्यूज. एका सकाळीत पाच. दहा अँपिअरचे, लाल. एरवी दोन-दोन वर्षं ज्या फ्यूजकडे ढुंकून बघावं लागत नाही, त्याच जागेवरचे पाच मी आज दुपारच्या आत जाळलेत. हाताला अजून वायरिंगचा वास येतोय आणि याच हातानं लिहितोय, तेव्हा भाषा थोडी चालवून घ्या.

चार दिवसांची राइड होती. रात्रीच सगळं बांधून ठेवलेलं. दोन बाजूंना सॅडलबॅगा, वर टेल बॅग, तिच्यावर रेनकव्हर, कव्हरवर जाळी आणि जाळीवर माझा विश्वास नाही म्हणून वरून दोन बंजी. पहाटे पाचला निघालो. पंधरा मिनिटांत मोबाइलनं टुंग केलं, चार्जिंग बंद. बघतो तर फॉग लाइटही गेलेले. मीटर काळाठिक्कर. इंजिन मात्र मजेत चाललंय, हेडलाइट चालू, हॉर्न खणखणीत. टेल लाइटही याच फ्यूजवर, तेव्हा तो गेलाय हे सांगायला ज्योतिषी नको होता.

थांबलो. आता फ्यूज बॉक्स कुठे? सीटखाली. सीट कधी निघते? सॅडलबॅगांचे पट्टे सोडल्यावर, कारण ते सीटखालून घेतलेले. पट्टे कधी सुटतात? टेल बॅग उतरवल्यावर. टेल बॅग कधी उतरते? जाळी आणि बंजी काढल्यावर. अंधारात पहिल्याच बंजीचा हुक सटकला आणि बोटांच्या पेरांवर असा बसला की मी जे ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. ज्या कोणी ताणलेल्या रबराच्या टोकाला लोखंडी हुक लावायची कल्पना काढली, त्याला एकदा अंधारात भेटायचंय.

बरं, वीज मोजायचा मल्टिमीटर कुठे? डाव्या बॅगेत. डाव्या बॅगेत कुठे? तळाशी. नेहमी तळाशी. मी काहीही, कसंही भरलं तरी जे लागणार आहे ते तळाला जातं आणि जे चार दिवसांत एकदाही लागत नाही ते चेन उघडल्या उघडल्या तोंडावर येतं. रस्त्याच्या कडेला माझे मोजे, टॉवेल, जादाचा टी-शर्ट असं प्रदर्शन मांडलं, तेव्हा कुठे तो पिवळा डबा हाती लागला.

फ्यूज बदलला. सगळं चालू! चार्जर चालू, फॉग चालू, टेल चालू. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून उभा राहिलो, हँडल इकडून तिकडे फिरवलं, ब्रेक दाबून बघितला. काही नाही. म्हटलं, फ्यूज म्हातारा झाला असेल. परत पट्टे, परत टेल बॅग, परत कव्हर, जाळी, बंजी. पंचवीस मिनिटं. निघालो. सहा-सात किलोमीटरवर टुंग.

इथून पुढे मी माणसात नव्हतो.

दुसऱ्यांदा सगळं उतरवलं. संशय अर्थातच चार्जरवर, कारण बोंब मोबाइलनं मारली होती. शिवाय त्याच्याशी जुनं वैर आहे. त्याच्यात एक निळा व्होल्टमीटर आहे, बाइक बंद केली तरी टुकटुक करत बसणारा. आधी मी तो बॅटरीला थेट जोडला होता. मोजलं तेव्हा वीस मिलिअँपिअर खात होता. वीस म्हणजे काय, चिल्लर, असं वाटतं ना? दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. आठ अँपिअर-अवरची बॅटरी पंधरवड्यात झोपली, आणि ती झोपलीय हे मला दाखवत कोण होतं, तर तोच निळा व्होल्टमीटर. नऊ पॉइंट काहीतरी. दिमाखात. तेव्हापासून चार्जर, फॉग सगळं रिलेवर, म्हणजे विजेनंच चालू-बंद होणाऱ्या स्विचवर घेतलं, म्हणजे चावी बंद की सगळं बंद. रिलेचा ट्रिगर, म्हणजे त्याला चालू करणारी बारीक वायर, टेल लाइटच्या वायरवरून घेतला. सगळे तिथूनच घेतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला तोंडघशी पाडायला उपयोगी पडेल.

तर चार्जरचा प्लग काढला, तिसरा फ्यूज टाकला, सामान बांधलं, निघालो, उडाला. मग फॉग लाइट काढले. चौथा टाकला. बांधलं. निघालो. उडाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, मी एका सकाळीत दोन संन्यासी लटकवले.

आणि या सगळ्यात येणारे-जाणारे. एक काका स्कूटर थांबवून म्हणाले, "पेट्रोल आहे का बघितलंत?" काका, इंजिन चालू आहे. समोर धडधडतंय. दुसरा एक तरुण, हेल्मेट न काढता, "दादा, अर्थिंग चेक करा." अर्थिंग! जगातल्या यच्चयावत बिघाडांवर हा एकच उतारा. इंडिकेटर भराभर उडतोय, अर्थिंग चेक कर. हॉर्न घोगरा झालाय, अर्थिंग चेक कर. बॅगेचं हँडल तुटलंय, अर्थिंग चेक कर. तिसरा तर थोरच. म्हणे, "दहाचा टिकत नाही ना, मग वीसचा टाका, पिवळा." हो बाबा. आणि मग फ्यूजच्या ऐवजी वायर जळू दे, सीटखालून. फ्यूज उडतो म्हणजे तो त्याचं काम करतोय. निरोप्यालाच ठार करून युद्ध जिंकणारी ही जमात. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बनवणारे त्यांचेच चुलते.

पाचवा टाकून, फॉगही न लावता, परत फिरलो. राइड बोंबलली. घराच्या दारात येईपर्यंत तोही गेला.

आता घरी. शांतपणे, शास्त्रशुद्ध तपासणी. सामान उतरवलं, सीट काढली, मल्टिमीटर बीपवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो), एक टोक टेलच्या वायरला, एक चेसिसला, म्हणजे बाइकच्या लोखंडी सांगाड्याला. बीप! सापडला शॉर्ट, वायर सांगाड्याला टेकलीय! पाऊण तास मी त्या बीपच्या मागे वेड्यासारखा हिंडलो. प्रत्येक कनेक्टर सोडला, पुसला, लावला. बीप काही जाईना. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि प्रकाशच तो शब्द योग्य आहे, कारण मी बल्बमधून मोजत होतो. एकवीस-पाच वॉटचा बल्ब, थंड असताना त्याची पाच वॉटची तार जेमतेम तीन ओहम दाखवते, म्हणजे मीटरच्या लेखी जोडलेलीच. मीटर बिचारा प्रामाणिकपणे बीप करतोय, मी त्याच्यावर खेकसतोय. बल्ब काढला, रिले काढला, बीप बंद. शॉर्ट नाहीच. चालवली. रिकामी बाइक घेऊन अर्धा तास फिरलो, मुद्दाम खड्डे शोधून त्यात घातली. फ्यूज शाबूत.

म्हणजे सामान लादलं की आजारी, सामान उतरवलं की ठणठणीत. आणि तपासायची तर सामान उतरवल्याशिवाय सीट निघत नाही. दातदुखीसारखं, दवाखान्याची पायरी चढली की थांबणारं. हे ज्यानं कोणी जमवून आणलं असेल त्याच्यापुढे मी हात जोडतो. दोन्ही हात, पेरं सुजलेली.

विषय सामानाचा निघालाच आहे तर बोलूनच घेतो. "वॉटरप्रूफ" बॅग म्हणजे काय? म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. बॅग वॉटरप्रूफ असते तर तिच्यासोबत वेगळं रेनकव्हर का देतात, हा प्रश्न विकणाऱ्याला कधी पडत नाही. ते रेनकव्हर ऐंशीच्या वेगाला पॅराशूट होतं आणि त्याचा इलॅस्टिक बरोबर बाइकच्या चेनच्या दिशेनं लोंबतो. "युनिव्हर्सल फिटिंग" म्हणजे कुठल्याच बाइकला न बसणारं. आणि सॅडलबॅगांना आधार देणारा सॅडल स्टे! दोन लोखंडी नळ्या वाकवून काळा रंग मारला की झाला स्टे. पाकिटात बोल्ट चार, त्यातले दोन आखूड, दोन लांब, दोन बिनकामाच्या नळकांड्या, आणि इन्स्ट्रक्शन म्हणून एक कागद, ज्याच्यावर झेरॉक्सची झेरॉक्स काढलेलं चित्र. त्या चित्रात बाइक आहे की शिलाई मशीन हेही कळत नाही. मी तो कागद बघितला नाही. अशा कागदाकडे बघणं हा माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणालो होतो. मित्र साक्षीदार आहेत.

आणि वायरी जोडायचे ते निळे चिमटे. चालू वायरवर ठेवायचे, पकडीनं दाबायचे, कट्ट. झालं म्हणे कनेक्शन, सोल्डर नको, काही नको. आत ती पत्र्याची जीभ निम्म्या तारा कापते, उरलेल्यांत पावसाचं पाणी शिरतं आणि चार महिन्यांनी तांबं हिरवं पडून भुकटी होते. काळ्या टेपबद्दल तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि वायर गुळाच्या ढेपेसारखी हाताला चिकटते. मी स्वतः फक्त क्रिम्प (दाबून बसवायचा जोड) आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरतो. वायरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. मेकॅनिकचाही नाही. याचा मला किती गर्व होता ते पुढच्या परिच्छेदात कळेल.

दुपारी एका जुन्या मित्राला फोन केला. आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फ्यूज कशाला जाळतोयस? फ्यूजच्या जागी बल्ब लाव. एकवीस वॉटचा. मिणमिणला तर ठीक, भक्कन पेटला तर तिथे शॉर्ट." एवढंच. पाच फ्यूज, चार वेळा बांधाबांध, आणि उत्तर काय, तर इंडिकेटरचा बल्ब. हे तू पहाटे का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे तू पहाटे विचारलंस का.

फ्यूजच्या खाचेतून दोन वायरी काढून बल्ब बाहेर लोंबता ठेवला. सीट परत बसवली. सॅडलबॅगा भरल्या, तशाच, मोज्यांसकट. चावी लावली, बल्ब मिणमिणला. मग बाइकवर बसून मी उड्या मारल्या. हो, उड्या. बायको दारातून बघत होती, काही बोलली नाही, ते न बोलणं मला ऐकू आलं. तिसऱ्या उडीला बल्ब भक्कन पेटला. परत उडी, परत भक्क. डाव्या बॅगेला वर उचलून धरलं, मिणमिण. सोडलं, दाबलं, भक्क.

डावा सॅडल स्टे. त्याचा मागचा कान चेसिसला जिथे बोल्टनं आवळलाय, तिथे कान आणि चेसिसच्या मध्ये एक बारीक काळी वायर. चेपलेली, कातडं फाटलेली, तांबं दिसतंय. बॅग रिकामी असली की तांबं केसभर लांब. बॅगेचं वजन आलं, खड्डा आला की स्टे वाकतो आणि ते चेसिसला चिकटतं.

वायर कसली? रिलेच्या ट्रिगरची. टेलवरून घेतलेली. तिच्यावर हीट श्रिंक, अगदी सुबक. तिला दर चार बोटांवर टाय, टायची टोकं कापून गुळगुळीत केलेली. असं काम या घरात एकच माणूस करतो.

ट्रिगरला एक-दोन अँपिअरचा वेगळा छोटा फ्यूज घातला असता तर तो एकटा गेला असता आणि टेल लाइट तरी जळत राहिला असता. घातला नव्हता. एवढ्याशा वायरला कशाला, असं म्हणालो होतो. हेही मोठ्यानं. मित्र याचेही साक्षीदार आहेत आणि हल्ली ते सगळं लक्षात ठेवतात.

एक मात्र कळेना. स्टे आणि चेसिसमध्ये वायर जायला जागाच नाही, मग हे बनवणाऱ्यानं मागच्या सगळ्या वायरी कुठून जातील असं गृहीत धरलं होतं? त्याला चार शिव्या देत टूलकिट उपसली. तळाशी (अर्थातच) त्या दोन बिनकामाच्या नळकांड्या. बोल्टावर घालून बघितल्या. चपखल. आणि मग लांब बोल्ट लांब का आहेत तेही कळलं. मी चारही जागी आखूडच लावले होते, दोन घरचे.

नवी वायर टाकली, फ्यूज घातला, नळकांड्या बसवल्या. स्टे आता चेसिसपासून बोटभर लांब उभा आहे, मध्ये ऐसपैस जागा. परत सगळं भरून पुन्हा उड्या मारल्या. मिणमिण.

इन्स्ट्रक्शनचा कागदही सापडला. चित्र झेरॉक्सची झेरॉक्स खरं, पण नळकांड्या स्पष्ट दिसतात, बाणासकट. त्या कागदात मी मल्टिमीटर गुंडाळून ठेवला होता.